परतीचा कागद

पेटी उद्या पहाटेच्या ट्रोट्रो गाडीने
तामालेला परत जायची आहे,
आणि हा कागद अजून कोराच.
'वस्तूंचे काही नुकसान?' असा रकाना,
पुढे दीड ओळ जागा.

लिहायचंच तर,
गाठींच्या दोरीतली एक गाठ सुटली.
तिकडे उंच डोंगरांत हिशेब ठेवायचे म्हणे असा,
लामांचा की मक्याचा, कुणास ठाऊक.
नापारीने सोडली, घाबरला,
आणि शेंगांच्या गोणीला त्याची आई मारते
तशीच गाठ मारून मोकळा झाला.
आता त्या हिशेबात
सावेलुगूचं एक पोतं जास्तीचं आहे.

मेंढीच्या घोट्याची चार हाडं आली होती.
मंगोल मुलं यांनी खेळतात, मी सांगू लागले,
माझं वाक्य संपेतो वर्गात डाव मांडलेला,
भांडण पेटलेलं.
चौथं हाड खाटकाकडून आणून
मी घासूनपुसून ठेवलंय.
ओळखून दाखवा.

राहिला चष्मा.
शिंगाचा. काच नाही, नुसती आडवी फट,
गवताची काडी जेमतेम जाईल एवढी.
बर्फावरच्या उन्हाने डोळे जाऊ नयेत म्हणून कोरलेला.
'उन्हाने? बर्फावर?'
मी फ्रीजरमधल्या पाण्याच्या पिशवीचा दाखला दिला
आणि माझा मलाच पटला नाही.

तेवढ्यात हरमॅटन उठला.
पांढरं, रखरखीत, धुळीचं ऊन.
सगळ्यांनी तोंडं झाकली,
वुनपिनी मात्र चष्मा बांधून थेट अंगणात.
'बाई, दिसतंय!
गोरखचिंच दिसतेय, तिच्याखालची खाट दिसतेय,
आणि तुम्ही डोळे मिटून घेतलेत
तेही दिसतंय!'

फटीत धूळ बसलीय.
काडीने निघाली असती. काढली नाही.

दीड ओळीत हे मावत नाही,
म्हणून कागद तसाच घेऊन बसलेय,
तर वुनपिनी दारात.
'बाई, त्यांच्याकडे जी पेटी जाते
तीत आपलं काय असतं?'
ठाऊक नाही गं. केरसुणी असेल एखादी.
ती जरा वेळ विचारात पडली.
'मग कुणीतरी सोबत जायला हवं,' म्हणाली,
'नाहीतर ते उभ्यानेच झाडतील.'