पहिली नोंद

परवान्याचा कागद देताना कुरेसारेतला तो पोरगेला अधिकारी
माझं नाव वाचून हसला:
"लाइने. म्हणजे लाटच की!
तुम्हाला आणखी कसला परवाना हवा?"
मी हसले नाही. अठ्ठावन्न वर्षं हा विनोद
या बेटावरच्या प्रत्येक पुरुषानं मला ऐकवलाय.

उर्मास बस चालवतो, सोमवारी सुट्टी.
त्यानं तार ताणून दिली: एक टोक सफरचंदाच्या झाडाला,
दुसरं सौनाच्या धुराड्याला,
केबल स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत,
फटीत जुना मोजा कोंबून.
रेडिओ सेकंड-हँड. घुंडीवर
आधीच्या मालकाच्या अंगठ्यानं पाडलेला गुळगुळीत खळगा.
माझा अंगठा त्यात बसत नाही. अजून.

"आता बोला," म्हणाला, आणि निघून गेला.

बोला!
एकतीस वर्षं शाळेच्या खानावळीत
दोनशे पोरं मी एका हाकेत जेवायला बसवली,
मैदानाच्या पार टोकाचा गोलकीपरसुद्धा.
पण ते बटण दाबलं
आणि घशात माशाचा काटा.
हाक मारायची, आणि कुणाला ते ठाऊक नाही.
'कुणीही असाल तर' अशी हाक
मी जन्मात मारली नव्हती.

तीन रात्री
सीक्यू, सीक्यू, आणि मग माझी अक्षरं, एकेक सुटं करून.
उत्तरादाखल तापल्या तव्यावरच्या पाण्यासारखी
न संपणारी चरचर.
उर्मासला फोन केला.
म्हणाला, "घरातच कुणीतरी बोलतंय.
एकेक बंद करत जा."

एकटीच राहणाऱ्या बाईच्या घरात
कुणीतरी बोलतंय!

चौथ्या रात्री मी फ्यूजच उपटले, एकामागून एक.
रेडिओ तेवढा बसच्या जुन्या बॅटरीवर जागा.
पंप गेला, रोपांवरचा जांभळा दिवा गेला,
अंगणातला मोठा दिवा गेला,
मागच्या खोलीतला फ्रीजर एक हुंदका देऊन थांबला
आणि ऐंशी मीटरवर इतकं निवांत झालं
की स्वेटरची लोकर कानाला घासलेली ऐकू आली.
त्या निवांतपणात माणसं होती.
फिनिश बडबड. कुणाचा तरी रशियन खोकला.
एक पोलिश माणूस, बहुधा लोणच्याची कृती सांगणारा.
मोर्सचा सुतारपक्षी, दूर, टकटक.

मी हाक मारली.

उत्तर आलं ते ब्राझीलचं नव्हतं.
मला ब्राझील हवं होतं. भिंतीवर जगाचा नकाशा लावला होता,
टाचण्यांची डबीही आणली होती.
हे समोरचं बेट. हीउमा.
ज्याचं दीपगृह मी रोज भांडी विसळताना बघते
आणि जिथल्या एकाही माणसाशी आजवर बोलले नव्हते.

"कालयू," तो म्हणाला. "तुम्ही पाच-नऊ.
पण जरा मागे सरका, बाई, मायक्रोफोन गिळू नका."
मी सरकले. खुर्ची करकरली.
मग हवामान. उणे चार, वारा वायव्येचा,
दोघांकडे तेच,
तरी आम्ही ते एकमेकांना बातमीसारखं सांगितलं.
मग जरा थांबून:
"पलीकडच्या काठावर डावीकडून दुसरा दिवा
आत्ता विझला. ते तुम्ही का?"

बटण दाबून धरलं आणि बोललेच नाही.
नुसता माझा श्वास गेला त्याच्याकडे,
खाडीवरून.
"हो," म्हटलं. "मीच."

वहीत पेन्सिलीनं लिहिलं: वेळ, फ्रिक्वेन्सी,
अंतर एकवीस किलोमीटर.
टाचणी लावायला गेले तर
दोन्ही बेटं तिच्या डोक्याखाली झाकली गेली.

बाकीचे फ्यूज लावले. मागच्या खोलीचा विसरले.
तीन दिवसांनी जमिनीवर पाणी:
पर्च, फ्लाउंडर, जावयानं दिलेलं अर्धं रानडुक्कर.
आज सकाळपासून सौनामागे धुराची पेटी धरून बसलेय,
कपड्यांना, केसांना, सगळ्याला आल्डरच्या लाकडाचा वास.
उर्मासला दहा मासे. शेजारणीला आठ.
कालयूला कसे पाठवायचे,
फेरी आता फक्त शुक्रवारी.
आणि त्याला धुरातले चालतात की नुसते खारवलेले,
रात्री विचारते.