छाट

टायरच्या दुकानातून मागून आणलेलं
चाकाच्या तोलाचं शिसं
मी गच्चीवर पळीत वितळवतो.
अम्माने चुलीपासून हाकललंय:
माझ्या छातीत आधीच तंबाखू भरलीय,
त्यात हे नको.

साचा शाडूचा. एका वेळी दोनच डोकी पडतात,
त्यातलं एक हमखास नकटं.
गळ मान मोडलेला, काटकोनात.
शिशाचं डोकं खाली, टोक आभाळाकडे,
म्हणजे तळाच्या खडकावर आपटत आलं
तरी अडकत नाही.
हे लायप्पा कोळ्याने शिकवलं,
औजच्या बंधाऱ्याखाली,
वाऱ्यात एकाच काडीवर बिडी पेटवून.

मग अंगरखा:
बोकडाच्या शेपटीचे केस,
कोंबड्याच्या मानेची तांबूस पिसं,
आणि आमच्या लूमखाली झाडलेलं चादरीचं सूत,
राणी, पोपटी,
ज्या मोराचा पिसारा पुरा झाला नाही त्याचं.

बांधणी मात्र जमत नाही.
सोळा वर्षं जॉबर आहे मी,
तुटलेला ताणा डोळे मिटून जोडतो,
पण या इवल्याशा लोखंडी मानेवर
दोरा घसरतो, पिसं फिरतात,
सगळं पक्कडीत लोंबकळतं
भिजलेल्या चिमणीसारखं.

तिसऱ्यांदा सुटलं तेव्हा
अम्मा सुपातून मान वर न करता म्हणाली,
इकडे आण.

दोरा दातात. दोन वेढे,
तिसरा उलटा, नखाने टोक आत.
चुटकीसरशी.
ओढून बघ, म्हणाली.
ओढलं. माझ्या बोटावर लाल रेघ उमटली,
गाठ होती तिथेच होती.

किती पाहिजेत?
सहा.
सहाच? ती हसली.
हजाराच्या खालची मोजणी
या घरकुलात कुणी विचारत नाही.
चार तिने बांधली,
दोन मी, तिच्या बोटांकडे बघत.

आणि चेकर कोण?
म्हणालो, मासा. शिवडा.
खोल डोहात बसतो,
तोंड तुझ्या सुपाएवढं.
चेप, ती म्हणाली, घरातल्या भाषेत,
आणि जरा थांबून:
मग तोही छाट काढत असेल.

बेचाळीस वर्षं
कारखान्याच्या खिडकीपलीकडच्या एका हाताने
तिच्या हजारातल्या पन्नास-साठ
न ओढताच मोडल्या,
पानांचे पैसे कापले,
वर म्हटलं, हात सैल पडतोय मावशी.

रविवारी औजला
पाणी उतरलेलं, शेवाळाचा वास.
पाच आमिषं टाकली, एकेक करून.
एकामागे तर तो आला,
काठापर्यंत, आडव्या ओंडक्यासारखा,
मिश्या हलल्या,
आणि तोंड न उघडता वळला.
लायप्पा म्हणाला, नापास.

सहावं राणी रंगाचं,
बिडीच्याच दोऱ्याने बांधलेलं.
तळाला टेकू दिलं. एक हिसका. पडू दिलं.
दुसरा हिसका
वर आलाच नाही.
काठी पाण्याला वाकून नमस्कार करायला लागली,
चाक किंचाळलं,
कुणीतरी डोहाच्या आत
दार लावून घेत होतं.
मग खडकाची धार,
आणि माझ्या हातात अचानक हलकी काठी.

रात्री अम्मा जागी.
गाठ सुटली?
नाही. तार तुटली, खडकावर.
म्हणजे माझं त्याच्या तोंडात आहे अजून?
आहे.

ती बराच वेळ काही बोलली नाही.
पंख्याचा एक पाता करकरत राहिला.
मग म्हणाली, उरलेली दे.
बल्बखाली धरून एकेक फिरवलं,
नखाने खरवडलं, कानाशी नेलं,
का ते तिलाच ठाऊक,
आणि त्यातली दोन
कटकन बाजूला टाकली.

बरोबर ती दोन
मी बांधलेली होती.