चाळीस रुपयांचं निळं

उदगीरच्या कॉलेजचं मैदान, चुन्याची रेघ.
रेवणसिद्ध सर शिट्टी रुमालानं पुसत होते
तेवढ्यात मी घटाघटा प्याले.
चाळीस रुपये. त्यातले पंधरा शमशादचे,
म्हणून तळाचे चार घोट तिचे.

आठशे मीटर.
दुसऱ्या फेरीत, बाभळीच्या वळणावर
पोटात डचमळलं,
अर्धी घागर डोक्यावर घेऊन पळावं तसं.
म्हणजे निळं अजून तिथंच होतं.
पायांना पत्ताच नव्हता.

तीन मिनिटं बारा, सर म्हणाले.
कालच्यापेक्षा दोन सेकंद जास्त.

मग दगडावर बसून नाडी सोडत होते
आणि तेव्हा आली ती, साखर.
कानामागून, दंडातून, मांड्यांतून.
वरातीमागून घोडं म्हणतात ना,
तसं घोडं, तेही मोकळं.
आता कुणाला बसवावं त्याच्यावर?

शमशाद हसली. तिची जीभ निळी.
"भरतीवाल्यांना सांग गं,
शिट्टी अर्ध्या तासानं मारा म्हणावं."

घरी नळ आलेला, नवव्या दिवशी.
घोडं मी तिथंच जुंपलं.
टाकी, माठ, सगळ्या बादल्या,
गंगूबाईंच्या दोन कळशासुद्धा.
दम म्हणून लागला नाही.
"काय खाऊन आलीस? जीभ दाखव,"
आई म्हणाली.
मी तोंड मिटून पाणी भरत राहिले.

दहा वाजता अभ्यासिकेत, पंख्याखाली
घोडं बसलं.
बसलं म्हणजे चारी पाय मोडून.
चालू घडामोडींचं पान
वाळत घातलेल्या चादरीसारखं हललं,
बोटं थरथरली,
भूक अशी की शेंगा टरफलासकट खाव्यात.
अंग उसनं देतं,
पण दुपारपर्यंतसुद्धा थांबत नाही वसुलीला.

सरांना विचारलं दुसऱ्या दिवशी.
म्हणाले, तास तास पळणाऱ्यांचं असतं ते,
घामातून मीठ जातं त्यांचं, आतली साखर संपते.
तीन मिनिटांत तुझं काय गेलं?
मी दंडावरून बोट फिरवून जिभेला लावलं.
खारट.
गेलं होतं, म्हणजे.
पण थोडंच.

बाटली टाकली नाही मी.
लेबल तसंच आहे, आत माठातलं पाणी.
नव्या पोरी विचारतात,
रोज पितीस का गं हे?

व्हय, म्हणते.