काकी

शेपटीचा रंग पाहून अख्खं हँगर म्हणालं, संत्रा.
किताझावासाहेबांनी मान हलवली.
संत्रा नाही, काकी.
त्यांच्याकडचं फळ, टमाट्यासारखं दिसणारं,
पानं गळून गेली तरी झाडाला धरून राहणारं.
बागडे म्हणाला, काकी तर माझी इंदोऱ्यात राहते,
रागावली की रंगही सेम.
त्या दिवसापासून विमानाचं नाव काकी.
काकीचं डावं चाक उतरवलं का?
काकीच्या पोटातली गळती सापडली का?

अकरा वर्षं जपानात उडाली,
भाडेकरार संपला तशी मिहानमध्ये आली,
इथून पुढे दुसऱ्या मालकाकडे, दुसऱ्या रंगात.
माझ्याकडे तिच्या खुर्च्या.

खुर्च्या उचलल्या की खाली रूळ दिसतात,
आणि रुळांवर दोन पिढ्यांचे ओरखडे.
आधी अठ्ठावीस रांगा होत्या, मग तीस झाल्या.
एकतीस इंचांचे एकोणतीस केले,
प्रत्येक गुडघ्याकडून दोन इंच मागून घेतले
आणि त्यातून बारा माणसांची जागा काढली.
हिशेब मी जमिनीवर बसून खडूनं केला.
किताझावासाहेब मागे उभे होते. म्हणाले,
हा आम्ही सहा महिने करत होतो.

त्यांची इंग्रजी आणि माझी, दोघी लंगड्या,
एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून चालल्या.
मासळीच्या गोदामावरची भाड्याची खोली.
दोन विमानं. पहिल्या हिवाळ्यात निम्म्या खुर्च्या रिकाम्या.
हवाईसुंदऱ्याच झाडू मारायच्या,
बॅगा चढवायला इंजिनियर, म्हणजे हेच.
उतरवून, झाडून, भरून परत आकाशात, अर्ध्या तासात.
चहाचे पैसे लावले तेव्हा
एका म्हाताऱ्यानं चार पानी पत्र लिहिलं,
की या देशाचं आता काही खरं नाही.

मला बाबा आठवले.
बर्डी ते कामठी, ऑटो.
तिघांच्या सीटवर चार, दांडीवर दोन,
आणि स्वतः अर्धे बाहेर, जसे काही पाहुणेच.
"सरका ना भाऊ थोडं, कामठी काय दूर हाय का?
सात झाले तर पंधरा रुपये. तीनच बसले,
तर मंग मी निघू काऊन?"
हे गोदामावरच्या त्या खोलीत
कुणीतरी टाय लावून म्हटलं असेल.

साहेबांची आई पहिल्यांदा उडाली ती याच विमानात.
तिकीट बोटीपेक्षा स्वस्त.
दक्षिणेच्या बेटावरची बहीण एकोणीस वर्षांनी भेटली.
गुडघे दुखले का, यांनी फोनवर विचारलं.
ती म्हणाली, ते चाळिशीपासून दुखतात,
कंपनीचा काय दोष.

शुक्रवारी रंग उतरवला.
ओली, सुरकुतलेली सालं जमिनीवर पडली,
बागडेनं पाणी मारलं,
काकी जाळीतून खाली गेली.
आत राखाडी पत्रा, कुणाचाच नाही असा.
साहेब त्या दिवशी जेवायला आले नाहीत.

नव्या मालकाला एकतीस रांगा हव्यात.
अठ्ठावीस इंच.
मी बसवल्या. प्रत्येक नट टॉर्कवर कसला, सही केली.
मग शेवटच्या रांगेत खिडकीशी जाऊन बसले.
गुडघे समोरच्या पाठीला टेकले.
रिकाम्या विमानात हळूच म्हणून पाहिलं,
सरका ना थोडं.

मेट्रो आल्यापासून ऑटो दारातच उभा असतो.
बाबा त्यातच बसून पेपर वाचतात, ड्रायव्हरच्या जागी.
विमान त्यांनी फक्त खालून पाहिलंय,
सोनेगावच्या रस्त्यावर, सवारी उतरवताना.
त्यांना सांगितलं, एकशे शहाऐंशी बसतात आता.
त्यांनी पेपर खाली घेतला.
थोडा वेळ मनात काहीतरी मांडलं.

"आन् ड्रायव्हरच्या बाजूनं?"