शुद्धिपत्र

पेपरात चार ओळी आल्या, आठव्या पानावर,
पाणीकपातीच्या निवेदनाखाली:
‘मत्स्यतज्ज्ञ मालन खासनीस यांचे निधन.’
मी लाल पेन काढलं.
चाळीस वर्षं दांडिया बाजारात मुद्रितं तपासली,
हात आधी उठतो,
डोळे मागून येतात.

मत्स्य नव्हे, मालनताई.
किती वेळा सांगितलंत तुम्ही
प्रेसच्या लाकडी जिन्यावर धापा टाकत,
चपलांना खंबायतच्या आखाताचा वाळका चिखल,
पिशवीत हस्तलिखित आणि शिंप्याची टेप:
“अहो, श्वास घ्यायला वर येतात ते.
पिलांना दूध पाजतात.
मासे कसले, आपल्यातूनच गेलेले आहेत,
फार पूर्वी, न सांगता.”

मग ‘देवमासा’चं काय करू,
मी खवचटपणे विचारलं होतं.
देव नाही, मासाही नाही,
एका शब्दात दोन चुका.
तुम्ही पेन्सिल कानामागे खोचलीत, बराच वेळ गप्प.
“राहू दे,” म्हणालात.
“पहिल्यांदा ज्यानं पाहिला त्याची छाती दडपली असेल.
ती दडपलेली छाती आहे त्या शब्दात.
ती कशी दुरुस्त करणार?”

समुद्र मी पाहिला तो तुमच्या अक्षरात,
किरट्या, डावीकडे कललेल्या,
भरती-ओहोटीच्या तक्त्यांच्या पाठकोऱ्या कागदांवर.
कावीच्या किनाऱ्याला लागलेली मादी,
शेपटीला नायलॉनचं जाळं, पोटात पिलू.
लांबी लिहिलीत, घेर लिहिलात, दात मोजलेत,
आणि खाली एकच वाक्य:
‘ओहोटी इतकी लांब गेली होती की परत येईलसं वाटेना;
कोळ्याची मुलगी तिच्या डोळ्यांवरच्या माश्या हाकत बसली होती.’
मी समासात लिहिलं, विषयांतर.
तुम्ही माझ्या शेऱ्याखाली लिहिलंत, हाच विषय.

रविवारी कमाटीबागेच्या संग्रहालयात
तुम्ही पोरांना त्या अजस्र सांगाड्याखाली उभं करायचात.
सगळ्यांच्या माना जबड्याकडे.
तुमचं बोट मात्र मागे, शेपटीच्या अलीकडे,
नुसत्या हवेत:
“इथे, मांसात खोल, दोन छोटी हाडं असतात.
कण्याला जोडलेली नसतात, कशालाच नसतात.
हे त्याचे पाय.”
एका मुलानं विचारलं,
“बेन, एने पाछुं चालवुं होय तो?”
तुम्ही हसलात.
पुढले तीन आठवडे मजकूर आला नाही.
आला तेव्हा प्रकरणाचं नाव तो प्रश्न होता,
गुजरातीतच, आणि वर ताकीद: भाषांतर करू नये.

काल शोकसभा झाली.
सागरकन्या म्हणाले. दर्याची लेक म्हणाले.
मागच्या खुर्चीवर माझा अंगठा
मांडीवर एकेक विशेषण खोडत होता.
कुणालाच ठाऊक नव्हतं
की तुम्हाला पोहता येत नव्हतं.
पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर तुम्ही ते लिहिलं होतंत.
मीच म्हटलं, शास्त्रज्ञाला शोभत नाही, काढा.
तेवढं एक माझं ऐकलंत.
तेवढं एक ऐकायला नको होतं.

आता कात्रण टेबलावर आहे.
वर तुम्ही दिलेलं कानाचं हाड,
मुठीएवढं, मुठीपेक्षा कितीतरी जड,
पंख्याच्या वाऱ्यात कागद हलू नये म्हणून.
कधी उचलून कानाला लावतो.
शंखासारखं ते काही बोलत नाही;
ते ऐकणाऱ्याचं हाड.

‘मत्स्य’ खोडलं.
तिथे काकपद काढलं,
नेहमीसारखं, दोन पायांचं, टोक वर.
त्याच्यावर काय लिहायचं
ते अजून लिहिलेलं नाही.