भिंत ओळंब्यात नाही

मोईज मिस्त्रीनं आधी भिंतीवर टकटक केली,
दारावर करतात तशी.
"इथं भरीव. इथं भरीव. इथं पोकळ, काका,
प्लास्टरनं वीट सोडली."
मग ओळंबा सोडला.
दोरी डुलायची थांबेस्तोवर कुणीच बोललं नाही.
पोटात दीड इंच फुगलेली निघाली.
तीस वर्षं हिला टेकून चहा प्यालो मी,
पाठीला कळलं नाही.

लाकूड वाळूजचं. मशिनी ज्या खोक्यांतून येतात
त्यांच्या फळ्या, रंधा मारलेल्या.
एकीवर अजून छत्रीचं चित्र, बाजूला बाण:
ही बाजू वर.
ऋजुता म्हणाली, ती तशीच राहू द्या.
ती रोज या भिंतीपुढं बसून
कॉम्प्युटरवर कुठकुठल्या लेकरांना गणित शिकवते.
डोक्यामागं पोपडे दिसायचे.
एकानं विचारलं म्हणे, मॅडम, तो नकाशा कुठला?

नकाशाच्या खाली, फोनची तिपाई होती तिथं,
पेन्सिलीनं, निळ्या रिफिलनं, एकदा चक्क खडूनं
नंबर.
माणिकमामा सेलू.
डॉक्टर, रात्रीचे.
गॅस. गॅस नवा.
पूर्णा स्टेशन चौकशी.
आणि एक नुसताच, पाच आकडी, नाव नसलेला.

मी लाइनमन. जिंतूर रोडचे खांब चढलोय,
यातल्या निम्म्या तारा माझ्या हातच्या,
उतरवल्या त्याही मीच,
गुंडाळून, वजनावर.
तरी विचारलं, हा कुणाचा गं?
उर्मिला कणीक मळत होती.
"उचलायचं ना कुणीतरी? झालं मग."

ड्रिलमधून आधी पांढरं सांडलं, मग राखाडी,
मग विटेचं लालभडक, मग माती.
"गट्टू धरत नाही, काका."
त्यानं बाभळीच्या खुंट्या तासून ठोकल्या,
त्यांच्यावर आडव्या पट्ट्या,
पट्टीमागं कुठं पुठ्ठा, कुठं बोटभर पाचर.
फुगीर भिंत फुगीरच राहिली,
तिच्यापुढं सरळ एक उभी राहू लागली.
तळाला अर्धा इंच मोकळं सोडलं.
"ओल उतरते हिची. वारा पायजे."

मापं त्यानं भिंतीवरच मांडली,
माणिकमामांच्या शेजारी:
चार फूट सव्वातीन इंच,
वजा दोन सूत.

ऋजुता म्हणाली, बाबा, फोटो काढून ठेवू?
मी म्हणालो, पाठ आहेत मला.
सगळे नाहीत.
चार वाजता मामा गेले.
गॅस आणि नवा गॅस एकाच फळीखाली.
नाव नसलेल्यावर छत्री आली,
बाण वर करून.

दिवेलागणीला मोईजनं कानामागं हात नेला,
मग खिशात, मग पोराकडं बघितलं.
फळ्यांच्या मागं काहीतरी घरंगळलं
आणि खालच्या पट्टीवर अडलं.
"पेन्सिल," तो म्हणाला.
त्यानं पटाशी उचललीही होती.
उर्मिला चहाचा ट्रे घेऊन उभी.
"असू द्या हो. फोनपाशी एक लागतेच."