इतिवृत्त : विषय क्रमांक चार

साडेदहाची सभा गणसंख्येअभावी अर्धा तास तहकूब झाली,
आणि अकरा वाजता, त्याच पार्किंगमध्ये,
त्याच अकरा माणसांसह कायदेशीर ठरली.
मधल्या वेळात फक्त चहा आला.
हे मी इतिवृत्तात लिहिलेलं नाही.

विषय चार. सदनिका ३०४. भाडेकरू, परदेशी.
नाव वाचलं आणि हशा पिकला :
परवाना.
‘परवाना आहे का परवानाकडे?’ ढाणे म्हणाले.
सचिव असून मीही हसलो.

काबूलहून आलेली. धाकटा भाऊ सोबत.
संयुक्त राष्ट्रांचं एक कार्ड आहे,
पण निर्वासितांसाठी आपल्याकडे कायदाच नाही,
आणि आपल्या छापील अर्जात दोनच रकाने :
मालक, भाडेकरू.

ढाणे पाटणहून आलेले, तुर्भ्याच्या बाजारात
चौतीस वर्षं पाठीवर गोणी.
‘माझ्या पोराला इथं भाडं परवडत नाही,
तो पार बदलापूरला गेला. मी दार कुणाकुणाला उघडू?’
यावर कुणालाच काही बोलता येईना.

५०२मधली रेवती म्हणाली, खाडीवर फ्लेमिंगो येतात,
त्यांना विचारतो का आपण, कुठून आलात?
ते वाक्य मी लिहिलं आणि खोडलं.
पक्ष्यांना डिपॉझिट लागत नाही, पोरी,
शाळेत दाखला लागत नाही,
आणि मुख्य म्हणजे ते परत जातात.

मला वाटलं होतं लालवाणीबाई तिच्या बाजूनं बोलतील.
जन्म उल्हासनगरच्या छावणीतला,
दोन कुटुंबांमध्ये गोणपाटाचा पडदा.
बाई म्हणाल्या, ‘मोजून घ्या.
आम्हालासुद्धा मोजूनच घेतलं होतं.’
मग पदर सारखा करत, जरा खालच्या आवाजात :
‘पण घेतलं होतं.’
दोन्ही वाक्यं एकाच माणसाच्या नावावर कशी लिहायची?

कुरियन मस्कतला बावीस वर्षं.
पासपोर्ट मालकाच्या कपाटात.
‘घ्यायचं तर माणूस म्हणून घ्या,
हात तेवढे घेऊन बाकीचा माणूस फाटकाबाहेर ठेवू नका.
तेवढं जमत नसेल तर आत्ताच नाही म्हणा.’

मग सगळे माझ्याकडे वळले.
‘मढवी, तुम्ही बोला. तुम्ही तर इथलेच.’

इथलेच. म्हणजे हे पार्किंग आमचं भातखाचर होतं,
ही इमारत साडेबारा टक्क्यांतली,
आणि माझा बाप मरेपर्यंत खिडकीतून बोट दाखवत म्हणायचा,
‘यवरं सगलं आलं. कोनी इचारला व्हता आमाला?’
शहर आलं तेव्हा अशी सभा नव्हती.
ज्याला कधी विचारलंच नाही,
त्यानं आता प्रत्येकाला अडवून विचारावं,
की कुणालाच विचारू नये?
बापाचं एकच वाक्य
मला दोन्हीकडे ओढत होतं.

पाच हात वर. पाच खाली.
अकराव्यात पेन होतं.

ती फाटकाशी उभी होती, झेरॉक्सची पिशवी पोटाशी धरून,
पहारेकऱ्याच्या खुर्चीवर भाऊ झोपलेला.
मी तोडक्यामोडक्या हिंदीत विचारलं, नावाचा अर्थ?
‘पतंगा. दिव्यावर येतो तो.’
मग तिनं विचारलं, घणसोली म्हणजे काय?
साठ वर्षांचा मी, इथलाच,
मला सांगता आलं नाही.

ठराव : अकरा महिने.
अटी नेहमीच्या. पोलिसांकडे नोंद, पाण्याचे पैसे वेगळे.
मुदत संपताच विषय पुन्हा सभेपुढे.

देशाचं काय करायचं ते मला विचारू नका.
मी तीनशे चारची किल्ली दिली,
आणि ती गेल्यावर, का कोण जाणे,
आपल्याच दाराची कडी
दोनदा तपासली.